मुका कोळी

ठेवा ते खाली. — आदी खाली ठेवा, मग बोला. शंख हाय, दिसतंय मला, तीन सालं झाली त्या फळीवर माझ्याच हातानं — न्हाई, हातानं न्हाई, चुलीच्या चिमट्यानं ठेवलाय म्या त्यो. देखणा हाय, व्हय, वर जाळं विणल्यावानी नक्षी हाय, समदं खरं. ठेवा. हां. आता हितं या, या बादलीत हात धुवा. आतला किडा कवाच मेला, आत काय बी न्हाई, ते तुमच्या आदीपासनं मला ठावं हाय — तरी धुवा. चोळून धुवा. माझ्यापायी धुवा म्हना.

बसा, या पायरीवर बसा, आत नका बसू. आत त्या वासात माणूस बोलंल कसा? स्पिरिटचा वास म्हंता — नुसता स्पिरिटचा असता तर काय व्हतं, दवाखान्यात बी असतो. ह्यो त्याच्या खालचा वास हाय, निराळा. प्रोफेसरसाहेब वारले त्याला येत्या शिमग्याला वरीस व्हईल, तवापासनं ह्या खोलीचं कुलूप काढलं न्हवतं म्या. आज तुमी कालेजाची चिठ्ठी घिऊन आलात म्हून काढलं. न्या बरण्या, समद्या न्या, एक बी मागं ठेवू नका. बारा वरसं ह्या बंगल्याची राखण करतोय, बाग बघतो, हिरीचं पाणी काढतो, साहेब सुट्टीला आले की त्यांचं समदं करायचो — त्याचं कधी काय वाटलं न्हाई. पर आठवड्याला ह्या बरण्या पुसायच्या, त्याचं वाटायचं. ती बघा, खिडकीतली — आतड्याचं वेटोळं हाय का जित्राब हाय, सांगा बघू? जित्राब हाय! त्याला तोंड हाय म्हनं. आन ती दुसरी, ते पाच पायांचं, पोटाच्या मधोमध तोंड, खायचं बी तितनं आन — जाऊ द्या. माझी बायकू, धोंडाबाई, बरण्या पुसल्या त्या दिशी मला उंबरा वलांडू द्यायची न्हाई, दोन घागरी डोक्यावर वतल्याबिगर. बरोबर व्हतं तिचं.

काय म्हनलात? वहीत? साहेबांच्या वहीत — अवो इंग्रजीत वाचून मला काय कळणार, मराठीत सांगा. … परत सांगा. रखमाजीनं आणलेला मुका कोळी. खडकांचा उत्तम माहीतगार. हाताला लय कुशल. — असं लिवलंय साहेबांनी? उत्तम माहीतगार! वा रे वा. आन तुमच्या नव्या सरांना त्योच पायजे, येत्या अवसेला. वाट दाखवायला. त्योच मुका.

न्हाई मिळायचा त्यो. मुंबईला गेला. गोदीत हाय. — पत्ता? गोदीतल्या हमालाला पत्ता असतो व्हय? बरा हाय म्हंत्यात. माघारी काय यायचा न्हाई. सरांना सांगा, रखमाजी न्हाई म्हनला.

आन माझं ऐकाल तर तुमी बी जाऊ नका. तरणे हाय तुमी, बूट-टोपी घालून जाल, हौस असंल — हौस मला बी व्हती पैल्या खेपेला. हितनं मोटारनं घाट उतरायचा, खोपोली, पेण, पुढं तरीच्या होडीतनं खाडी वलांडायची, पुढं बैलगाडी. दर्या दिसला तवा म्या हात जोडले, खोटं कशाला बोलू. पर त्यो दर्या भरलेला व्हता, अंगभर नेसलेला. दुसऱ्या दिशी अवस, पहाट फुटल्यावर साहेब घिऊन गेले तर दर्या पार मागं सरकलेला, आन त्याच्या खालचं समदं उघडं पडलेलं. बघवना हो. जे झाकायचं ते देवानं झाकून ठिवलंय, आन हे चालले चष्मा लावून बघायला! काळा खडक, त्याच्यावर हिरवं बुळबुळीत, पाय ठिवला की सरकतो, आन जागोजाग डबकी. डबक्यात पाणी असं नितळ की वाटावं वंजळ भरून प्यावं. आन त्या नितळ पाण्याच्या तळाला समदं हलतंय. दगड म्हनावा तर त्यो चालतोय. झाडाचा पाला म्हनावा तर त्यो मिटतोय. साहेब माझ्या खांद्याला धरून म्हनले, 'रखमाजी, ही देवाची बाग बरं का, बाग!' अवो बाग मी राखतो. बागेतलं फूल कवा माणसाचं बोट धरतं का? तितं धरलं. तांबडं, गेंदासारखं फूल, म्या नुसतं बोट लावलं — चुप्प करून धरलं त्यानं, बोळक्या म्हातारीनं बोट चोखावं तसं. अजून आठवलं की ह्या बोटाला कसंनुसं व्हतं.

साहेबांची कंबर धरलेली, वाकता येत न्हवतं, ते तिपाईवर छत्री घिऊन बसायचे आन काठीनं दावायचे — हे काढ, ते काढ. त्यांनी बोलायचं आन हात कुनाचा जायाचा? माझा. एक काळं, मऊ, वांग्यायेवढं खडकाच्या कडंला पडलं व्हतं. म्हनले, 'उचल, ते गरीब आहे, काही करत नाही.' उचललं म्या. आन त्यानं माझ्या तळहातावर आतडी वकली. सोताची आतडी! पांढरी, चिकाट, कोमट — का गार, आता ध्यानात न्हाई — सुतावानी बोटाबोटाला गुंडाळली, झटकली तर मनगटाला चिकाटली. साहेब हसाय लागले, म्हनले ते त्याचं शस्त्र आहे. शस्त्र! मी तितंच पालथा पडून वकलो. राखेनं घासला हात, वाळूनं घासला, तीन दीस त्या हातानं घास घेतला न्हाई. घरी आल्यावर धोंडाबाईला म्हनलं, पुढल्या साली घरावर नांगर फिरंना का, माझा हात त्या पाण्यात जायचा न्हाई.

म्हून तर पुढल्या साली, राजाची ज्युबिली झाली त्या साली, साहेब दिवाळीतच म्हनले, 'रखमाजी, या खेपेला एक कोळी बघून ठेव, माहीतगार', तवा मला कोन आनंद झाला. कोळी म्हनलं की आमच्या मावळात कोन? डोंगरातला कोळी. आमच्या औंढे गावाच्या वर वाडी हाय त्यांची, नाचणी-वरीची चार खाचरं, रानातली लाकडं, हिरडा. दुसरा कोळी आमी बघितलाच न्हवता. मी गेलो वर आन सावळ्याला सांगितलं. वढ्यातल्या खेकड्यात त्याचा हात कुनी धरायचा न्हाई — बिळाच्या तोंडाशी बसायचा, पाण्याचा बुडबुडा बघायचा, आन आत खेकडा हाय का फुरसं हाय ते सांगायचा, मग खांद्यापतुर हात घालायचा. हसत्या तोंडाचा. त्याची बायकू पुतळाबाई दारात उभी व्हती, ती म्हनली, दर्या म्हंजी किती लांब वो भाऊ? म्या म्हनलं, चार दिसांत आणून सोडतो. वाडीतल्या कुनी दर्या बघितला न्हवता, म्हून त्यो यायला निघाला, दुसरं काय न्हाई. घोंगडी घेतली, कंबरंला कोयता लावला, चला भाऊ.

हसताय? हसा की. साहेबांना पायजे दर्याचा कोळी आन मी नेला डोंगरातला. चूक झाली. चूक कुनाकडनं बी व्हती, शब्दच तसा हाय, त्याला मी काय करू?

न्हाई. — असं बघू नका माझ्याकडं. तरीवर उमगलं व्हतं मला. पेणच्या पुढं, तरीच्या धक्क्यावर पाट्या घिऊन बाया बसल्या व्हत्या, हिरव्या बांगड्या, ह्या वासानं नाक बंद झालेलं, तरवाला म्हनला, ह्या कोळणी, पल्याड त्यांचाच कोळीवाडा हाय. सावळा माझ्या कानाशी आला, हळूच म्हनला, 'भाऊ, ह्ये बी कोळीच का? आमच्यातले दिसत न्हाईत.' तितंच सांगायला पायजे व्हतं साहेबांना. पर साहेब कसे व्हते तुमाला ठावं न्हाई. अवस वाया गेली तर वरीस वाया जायाचं त्यांचं, चिडले की 'किल्ल्या ठेव आणि चालता हो' हे ठरलेलं. आन ते असू द्या, किल्ल्या गेल्या असत्या तर गेल्या असत्या — सावळ्याला माघारी धाडला तर हात कुनाचा जाणार व्हता पाण्यात? माझाच का न्हाई? मला ती आतडी दिसली. सावळा मोटारीत मागं सामानात बसून आलेला, साहेबांनी आत्ता त्याच्याकडं नीट बघितलं आन इचारलं, 'हा दर्यावरचाच ना रे?' आन मी म्हनलं, व्हय साहेब, दर्यावरचाच. पर मुका हाय.

मुका का म्हनलं? तर त्यानं तोंड उघडलं असतं की औंढ्याची बोली बाहीर. कोळीवाड्याचे लोक कसं बोलत्यात, ऐकलंय तुमी? म्हून. सावळ्याला बाजूला घिऊन सांगितलं, चार दीस बोलायचं न्हाई, काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई, मुका हायस तू. का, असं सुदिक इचारलं न्हाई त्यानं. हसला, म्हनला, बरं भाऊ. तेवढं बोलला आन गप.

पैला दिवस लय झ्याक गेला, त्ये बी सांगतो. पाणी चाखलं त्यानं आदी, थू करून थुकला, माझ्याकडं डोळे मोठं करून बघितलं — बोलायची सोय न्हाई! भरतीचं पाणी चढाय लागलं तर ह्यो दर्याला पाठ करून डोंगराकडं बघतोय, वर कुटं पाऊस पडला म्हून. वढ्याला पूर असाच येतो ना? म्या धरून वळवला त्याला. पर डबक्यात बसला की बसला. तेच बुडबुडे, तेच बीळ. ह्या हातानं हे, त्या हातानं ते, बुळबुळीत, लिबलिबीत, काटेरी, काय बी असो, लेकराला उचलावं तसं उचलायचा आन साहेबांच्या बादलीत सोडायचा. किळस नावाची गोष्टच न्हवती त्या माणसात. साहेब खूश. म्हनले, रखमाजी, असा कोळी मला कधी मिळाला नव्हता. ते वहीत लिवलंय ते त्या दिशीचं असंल.

एक म्हातारी कोळीण व्हती तितं, खडकावरची कालवं फोडत बसलेली, कालवं म्हंजी ते दगडाला चिकाटलेलं, आत शेंबडावानी. ती उठून माझ्यापाशी आली. हात तसलेच, वले. काय तरी सांगाय लागली, त्या माणसाला सांग, नक्षीचा शंख दिसला तर — म्या धोतराचा सोगा नाकाला लावला आन चार पावलं तिकडं झालो. न्हाई ऐकलं म्या. — ऐकलं. अर्धं ऐकलं. हात लावू नको म्हनावं, एवढं कानावर आलं. पुढं काय म्हनली ते खरंच न्हाई ऐकलं, वास मारत व्हता वो तिला, काय सांगू.

दुसऱ्या दिशी सावळ्याला त्यो गावला. तुमी हातात घेतलावता त्योच. दगडाखाली व्हता, वाळूत. सावळ्यानं तळहातावर ठिवला, उन्हात धरला, माझ्याकडं बघून कपाळाला बोट लावलं — कुंकवाची खूण, म्हंजी बायकूला. पुतळाबाईला नेतो म्हंत व्हता. साहेबांच्या बादलीत टाकला न्हाई, साहेबांना दिसू दिला न्हाई, मुठीत धरून कनवटीला लावाय लागला. आन हात झटकला. बस, एवढंच. तळहाताला एक ठिपका, तांबडा, बाभळीचा काटा मोडावा तेवढा. त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं — काय तरी सांगायचं व्हतं त्याला. साहेब दोन हातांवर बसलेले. म्या ओठावर बोट ठिवलं.

त्यानं मिटलं तोंड.

थोड्या येळानं ओठाला हात लावाय लागला. मान हलवतोय, गळ्याला हात लावतोय, बोटं माझ्यापुढं धरतोय आन ती मिटता येत न्हाईत असं दावतोय. मला वाटलं सोंग करतोय. लय भारी सोंग करतोय लेकाचा, म्हून मी हसलो. साहेब म्हनले, 'काय म्हणतोय तो?' म्या म्हनलं, भूक लागली म्हंतो. साहेबांनी खिशातनं दोन बिस्कुटं काढून दिली त्याला. ती त्याच्या हातातनं पाण्यात पडली.

पाणी फिरलं तसं साहेब बरण्या बैलगाडीत घालून म्होरं गेले, त्यांना खाडीवरची होडी गाठायची व्हती, मला म्हनले मागनं बादल्या आन तिपाई घिऊन ये. गाडी वळणाच्या पल्याड गेली. मी सावळ्याजवळ गेलो, त्यो खडकाला टेकून बसलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. म्हनलं, गेले रं साहेब, आता बोल. बोल की. झालं तुझं मुकंपण, मोकळीक हाय तुला. — त्याची जीभ हालंना. आ — आ — एवढंच. मी म्हंतोय बोल, आन त्यो आ करतोय. मी दंडाला धरून त्याला उठवाय गेलो आन त्याच्या तोंडातली लाळ माझ्या हातावर आली. चिकाट. आन मी —

सोडला म्या. सोडला त्याला, दादा. खडकावर डोकं आपटलं त्याचं. मी पाण्याकडं पळालो आन हात धुवाय लागलो. त्यो तितं मरतोय आन मी हात धुतोय. थुतरीच्या — मला म्हनतोय, तुमाला न्हाई.

त्या म्हातारीनं आणला त्याला वर. तिनं आन तिच्या ल्योकानं. डोकं मांडीवर घेतलं, सोताच्या लुगड्यानं त्याचं तोंड पुसलं, परत परत पुसलं. शंख कनवटीतनं पडला तवा तिनं बघितला, आन माझ्याकडं बघितलं. नुसतं इचारलं, कोन ह्यो? म्या म्हनलं, कोळी. कुटला? म्हनलं, डोंगरातला, पर कोळी. मग आमचाच, म्हनली. दुपार कलायच्या आत त्याचा श्वास थांबला. गावच्या पाटलाला म्या सांगितलं, पान लागलं, सापाचं. त्या लोकांनी सोताच्या मसणात जाळला त्याला, आपला म्हून. तिच्या ल्योकानं अग्नी दिला. मी वाऱ्याच्या वरल्या अंगाला उभा व्हतो. खांदा दिला न्हाई म्या, नुसता त्यो शंख फडक्यात बांधून हितं आणला. आन तुमी म्हनताय ह्या बरण्यांतली जित्राबं बघून किळस येती का? त्यांची न्हाई येत आता. त्यांनी काय केलंय? ती आपली पाण्यात व्हती.

साहेबांना सांगितलं, कोळी आपल्या गावाला गेला. वाडीवर जायची छाती झाली न्हाई, पुतळाबाईच खाली आली आठ दिसांनी, तिला म्हनलं, मुंबईला गेला, परस्पर गेला, गोदीत काम गावलं त्याला, मी तरी काय करू. तिनं मान हलवली. तवापासनं तीन सालं, बाजारच्या दिशी लाकडाची मोळी घिऊन येती, ह्या फाटकाशी उभी ऱ्हाती, इचारती, भाऊ, काय खबर? मी हितनं, ह्याच पायरीवरनं वरडतो, बरा हाय, मुंबईतच हाय. तिच्या डोक्यावर मोळी असती, तशीच उभ्या उभ्या ऐकती आन जाती. एकदा सुदिक म्या तिला म्हनलो न्हाई, मोळी उतरव, घोटभर पाणी पी. उतरवली तर बसंल. बसली तर इचारंल. कपाळावर हे एवढं कुंकू असतं वो तिच्या, आन मला तिकडं बघवत न्हाई. तीन सालं मेलेल्या माणसाचं कुंकू मी त्या बाईच्या कपाळावर ठिवतोय, हितनं वरडून वरडून.

हे समदं मी तुमाला का सांगतोय? बरण्या न्यायला आलात तुमी. सावळ्याचा भाऊ येसू हाय वाडीत, त्याचा बी हात तसाच, वढ्यात त्यालाच बोलावत्यात आता — तुमी अवसेला कोळी पायजे म्हनला असता बाजारात, तर कुनी बी त्याच्याकडं बोट दावलं असतं. म्हून सांगितलं. न्हाई तर कशाला सांगतोय.

गप. — कडी वाजली का फाटकाची? आज बाजार हाय, मी इसरलोच. तीच हाय. उठा तुमी. उठा म्हनतोय ना, त्या मागल्या दारानं जावा, बरण्या उद्या न्या, न्हाई तर फोडून टाका. त्यो शंख नगं, त्यो ऱ्हाऊ द्या. तिचा हाय त्यो. जावा.

व्हय, पुतळाबाई, हाय की मी, हितंच हाय. … न्हाई, तितनं नगं, आत ये. हितं पायरीपतुर ये. — न्हाई, मुंबईची खबर न्हाई. आदी मोळी खाली ठेव. ठेव. बस.